कानांत बोळे, हातावर शिक्का: गिलमनला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या घरात दोन प्रश्न एकाच आठवड्यात आले. मुलगी नुकती पंधराची झाली होती. सोमवारी म्हणाली, "बाबा, गाडी कधी शिकवणार?" आणि शुक्रवारी, "उद्या गिलमनला जाऊ?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. दुसऱ्यावर मी विचारलं, "गिलमन हा कोण मुलगा?"

गिलमन हा मुलगा नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीत, आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर एक गोदामवजा इमारत आहे. तिथे शनिवार-रविवारकडे चार-पाच बँड एकापाठोपाठ वाजवतात आणि कुठल्याही वयाच्या माणसाला आत घेतात. त्या शनिवारनंतर मी तिथे इतक्या वेळा गेलोय, की फ्रीमाँट-सनीव्हेलकडचे मराठी आईबाप आता मला फोन करतात. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. मुलांनी वाचलं तर उत्तम, कारण निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

आधी ठिकाण समजून घ्या

अमेरिकेत दारू प्यायचं वय २१. बँड वाजवतात त्या छोट्या जागांचा खर्च तिकिटावर निघत नाही, बारवर निघतो. त्यामुळे २१च्या आतलं पोर मालकाच्या दृष्टीने जागा अडवणारं गिऱ्हाईक. कॅलिफोर्नियात नुसत्या बारचं लायसन असेल तर २१ खालच्यांना आत घेताच येत नाही. स्वयंपाकघर चालवून जेवण देणाऱ्या जागेचं लायसन वेगळं, तिथे घेता येतं. एखाद्या रॉक क्लबात कोपऱ्यात कुणी मन लावून बर्गर भाजताना दिसला, तर ते नुसतं अन्नदान नव्हे.

म्हणजे गाण्याचं वेड ज्या वयात सगळ्यात जास्त, नेमकं त्याच वयाला दार बंद. गिलमनवाल्यांनी हा गुंता मुळातच कापला: आत दारूच ठेवली नाही. 'मॅक्झिमम रॉकअँडरोल' हे पंकचं, म्हणजे वेगवान, खरखरीत रॉकचं, मासिक चालवणारे टिम योहानन आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी ३१ डिसेंबर १९८६ला पहिला कार्यक्रम केला. १९८८मध्ये त्यांनी जागा बंद केली, तेव्हा नेहमी येणाऱ्या पोरांनीच ती हातात घेऊन पुन्हा उघडली. आजही ती ना-नफा तत्त्वावर, स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. ऑपरेशन आयव्ही हा बँड इथलाच. ग्रीन डे इथेच वाजवत मोठा झाला आणि १९९३मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केल्यावर त्याला याच दाराबाहेर राहावं लागलं, कारण तेव्हा मोठ्या कंपनीच्या बँडांना इथे वाजवू देत नसत. पुन्हा या स्टेजवर ते चढले मे २०१५मध्ये, एका मदतनिधीच्या कार्यक्रमाला. बावीस वर्षं. आपल्याकडे भाऊबंदकी सुद्धा कधीकधी त्याआधी मिटते.

हा इतिहास पाठ करायची गरज नाही, पण त्यातला एक धागा हातात राहू द्या. इथे गिऱ्हाईक म्हणून गेलात तर पदोपदी चुकल्यासारखं वाटेल. खुर्ची नाही, जागेवर नेऊन बसवणारं कुणी नाही, तक्रार ऐकायला मॅनेजर नाही. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात जातो तसं जा. तिथे दोरी ओढणारा, वर्गणीची पावती फाडणारा आणि आरतीला टाळ वाजवणारा एकच मुलगा असतो की नाही? तसंच.

कुठला कार्यक्रम निवडायचा

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या या पट्ट्यात, छोट्या बँडांच्या कार्यक्रमांची 'द लिस्ट' नावाची एक साधी, निव्वळ मजकुराची यादी पूर्वापार निघत आली आहे. पहिल्यांदा बघाल तर किराणा दुकानाच्या खतावणीसारखी दिसेल. तारीख, बँडांची नावं, जागा, मग वय, मग पैसे, मग तिरकी रेघ मारून दोन वेळा. पहिली वेळ दार उघडण्याची, दुसरी वाजवायला सुरुवात होण्याची. त्यात @ अशी खूण दिसली तर समजा पिट होणार, म्हणजे स्टेजपुढे ढकलाढकलीचा नाच. # दिसली तर एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेत नाहीत. गिलमनचे स्वतःचे कार्यक्रम त्यांच्या संकेतस्थळावरही कळतात.

यादीतल्या बँडांची नावं वाचून घाबरू नका. आमच्याकडच्या फ्रिजवर लावलेल्या पहिल्या पत्रकातली तीन नावं तर मला आजीसमोर वाचता आली नव्हती. नाव सोडा, बँडकँप या गाण्यांच्या संकेतस्थळावर दोन गाणी ऐका. माझं मत असं की पहिल्या खेपेला स्का (जमैकातून आलेलं ठेक्याचं संगीत) किंवा पॉप-पंक (गोड चालींचं पंक) घ्यावं. त्यात सूर धरता येतो, स्कामध्ये ट्रंपेट-ट्रॉम्बोन असतात, आणि गर्दी नाचते ती हसत हसत. हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान, ओरडून म्हटलेलं पंक, दुसऱ्या खेपेला. पॉवरव्हायलन्स नावाचा एक प्रकार आहे, त्यात अख्खं गाणं अर्ध्या मिनिटात आटोपतं. तो प्रकार मला अजून झेपलेला नाही.

कपडे, बूट आणि बोळे

बूट बंद आणि नाडीचे. चप्पल, सँडल, क्रॉक्स अजिबात नाही. पायावर दुसऱ्याचा जाड तळव्याचा बूट पडतो तेव्हा क्रॉक्सची भोकं फार आठवतात. नाडी दोनदा गाठ मारून बांधा. चष्मा असेल तर मागे बांधायची पट्टी लावा, किंवा मागेच उभं राहा. लोंबती कानातली, गळ्यातलं काही नको. बाहेर खाडीवरून येणारं बोचरं वारं आणि आत शंभर माणसांची वाफ, म्हणून आत सुती टीशर्ट आणि वर कमरेला बांधता येईल असं जॅकेट. पाठीवरची भली मोठी सॅक घरी ठेवा. दम्याचा पंप असेल तर तो मात्र खिशात, गाडीत नव्हे.

आता बोळे. मी पहिल्या रात्री घातले नाहीत. म्हटलं, ढोल-ताशांच्या मिरवणुकीत वाढलेला माणूस मी, मला काय होतंय. दोन दिवस कानात रातकिडे ओरडत होते आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी प्रत्येकाला "पुन्हा सांग" म्हणत होतो.

हिशेब असा आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने, नायॉशने, आवाजाची जी मर्यादा सुचवली आहे, त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, असं करत १०० डेसिबलवर पोचलात की उरतात पंधरा मिनिटं. लहान बंद खोलीत ड्रमच्या समोर १०० ही काही मोठी गोष्ट नाही, आणि तुम्ही तिथे तीन-चार तास असणार.

औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे स्वस्त बोळे पुरतात, पण घालायचे नीट. बोळा दोन बोटांत फिरवून काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा, अर्धा मिनिट तरी. निम्मा बाहेर लोंबत असेल तर तो शोभेचा आहे. मुलीची नाराजी अशी होती की फोममुळे गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं येतं. ते खरं आहे. संगीतासाठी वेगळे रबरी बोळे मिळतात, त्यात सगळे सूर सारखेच खाली येतात. वाढदिवसाला ते दिले. आतापर्यंत दिलेल्या भेटींपैकी ही एकच रोज किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेली दिसते.

जायचं कसं

बार्टचं, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेचं, जवळचं स्टेशन नॉर्थ बर्कली. तिथून चालत पाऊण तासाच्या आत पोचता, पण रात्री परतताना तेच अंतर लांब वाटतं. सॅन पाब्लो ॲव्हेन्यूवरून एसी ट्रान्झिटच्या बस जातात आणि तिथून गिलमन दोन-तीन चौकांवर आहे. मुलांना अठरापर्यंत युवा क्लिपर या प्रवास-कार्डावर बार्टचं भाडं निम्मं पडतं, ते काढलं नसेल तर काढा. बार्ट मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. शेवटची गाडी किती वाजता, हे जायच्या आधी बघायचं. शेवटचा बँड रंगात आलेला असताना बघण्यात अर्थ नाही.

गाडीने जाणार असाल तर इंटरस्टेट ८०ला गिलमन स्ट्रीट नावाचाच एक्झिट आहे. आसपास रस्त्यावर जागा मिळते. गाडीत दिसेल असं काही म्हणजे काहीही ठेवू नका. माझी मागची काच फुटली ती डब्याच्या पिशवीसाठी. आत थालीपिठं होती, फॉइलमध्ये गुंडाळलेली. काचेला जेवढे पैसे गेले तेवढ्यात घरभर माणसांना पुख्खा झाला असता. म्हणून आता आम्ही आधी गाडीतच खाऊन घेतो आणि मग उतरतो. खाऊन जायचं हे तर नक्कीच. आत 'स्टोअर' नावाचा एक छोटा काउंटर असतो, नावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं, तिथे सोडा, चिप्स वगैरे मिळतात. ते जेवण नव्हे.

दारात

रोख पैसे न्या, सुटे. दारावरचं तिकीट साधारण दहा ते वीस डॉलरांच्या घरात असतं. त्याशिवाय सदस्यत्वाचं कार्ड. वर्षाचे दोन डॉलर हा कित्येक वर्षांचा दर होता. हे कार्ड म्हणजे क्लबची शान नाही, नियम मान्य आहेत याची सही आहे. नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले आहेत: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांना कमी लेखणं नाही, समलिंगी माणसांचा द्वेष नाही. बाहेर फुटपाथवर पिऊन मग आत यायचं, ही पळवाटही चालत नाही.

मग मनगटावर शिक्का मारतात. दुसऱ्या क्लबांत, जिथे बार आहे पण लहानांनाही घेतात, तिथे पोरांच्या हाताच्या पाठीवर काळ्या मार्करने मोठी फुली मारतात, म्हणजे बारवाल्याला लांबूनच कळतं. या फुलीची गंमत आहे. १९८०मध्ये वॉशिंग्टन डी.सी.चा टीन आयडल्स नावाचा २१च्या आतल्या पोरांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोत माबुहाय गार्डन्स या क्लबात वाजवायला आला. तिथे त्यांच्या हातांवर फुल्या मारल्या. पोरांनी घरी जाऊन आपल्या गावच्या क्लबला सांगितलं, आम्हालाही फुली मारा आणि आत घ्या, आम्ही पिणार नाही. पुढे दारू-सिगारेटला शिवायचं नाही असं ठरवलेली पंक पोरं मोठी झाल्यावरही आपणहून हातावर फुली काढू लागली. लहान म्हणून मारलेली खूण अशी मिरवायची खूण झाली.

आत गेल्यावर

भिंतींवर रंगांचे थर, नावांवर नावं, स्टिकरांवर स्टिकर. एका बाजूला बास्केटबॉलची रिंग. पहिल्यांदा बघून माझी बायको म्हणाली, "इथे शेवटचा झाडू कधी मारला होता?" उत्तर असं की काल रात्री मारला होता, आणि तो मारणारी मुलगी अकरावीत आहे. त्यावर पुढे येतो.

वेळेवर जा. सगळ्यात नावाजलेला बँड शेवटी असतो, पण पहिला बँड बघायला दहाच माणसं असतात आणि त्यातली चार त्यांचे आईबाप. त्यांच्यासमोर उभं राहणं हा साधा शिष्टाचार आहे. शिवाय आवडेल असा बँड बहुतेक वेळा पहिल्या दोघांतच सापडतो, हा माझा अनुभव. प्रत्येकाला पंचवीस-तीस मिनिटं. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत सामान बदलतं, तेव्हा बाहेर जाऊन हवा खा, पाणी प्या.

ही मधली वीस मिनिटं मला आता गाण्याइतकीच आवडतात. एकदा ओरेगनहून आलेल्या बँडची ड्रमर, फार तर एकोणीस वर्षांची, शेवटचा ठोका मारून उठली ती घाम न पुसता झांजा काढायला लागली. प्रत्येक झांजेचा पितळी स्क्रू आधी तोंडात धरला, झांज पिशवीत घातली, मग स्क्रू परत स्टँडला लावला. हरवू नये म्हणून. पुढच्या बँडचा मुलगा तोपर्यंत आपला स्नेअर ड्रम घेऊन शेजारी उभा, घाई न करता. मग त्याच मुलीने व्हॅनमध्ये सामान टाकलं आणि दहा मिनिटांत टीशर्टांच्या टेबलामागे बसून माझ्या मुलीला मापं सांगत होती.

उभं कुठे राहायचं? आवाज सगळ्यात नीट येतो साउंडच्या टेबलाजवळ, कारण तो माणूस स्वतःच्या कानाने जुळवत असतो. स्पीकरच्या थेट तोंडासमोर कधीच नाही. मधोमध, स्टेजपासून दोन-तीन हातांवर अचानक मोकळी जागा दिसली तर "वा, जागा मिळाली" म्हणून तिथे जाऊ नका. ती जागा मोकळी नसते. गाणं सुरू व्हायची वाट बघत असते.

पिट

लांबून मारामारी वाटते. मारामारी नसते. पोरं एकमेकांच्या अंगावर खांद्याने आदळतात, उडतात, परत येतात. कधी सगळी एका दिशेने गोल धावायला लागतात. वारीतलं रिंगण ज्याने पाहिलंय त्याला हे नवीन नाही, फक्त इथे घोडा नसतो. याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी ते सगळ्यांना ठाऊक असतात.

पडलेल्याला उचलायचं. पहिला नियम हाच आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. कुणी खाली गेलं की चार हात येतात, आणि दोन जण आडवे उभे राहून मागची लाट अडवतात. तुम्ही पडलात तर डोकं हातांत घ्या, वर बघा, हात वर करा. हात छातीशी ठेवायचे, कोपरं बाहेर काढायची नाहीत. काठावर उभे असलेले लोक नाचायला आलेले नसतात, त्यांना आत ओढायचं नाही. पण काठावर उभं राहिलात तर मऊ भिंत व्हायची तयारी ठेवा. अंगावर आलेल्याला हलकेच परत आत लोटायचं. स्टेजवरून गर्दीत उडी मारायची नाही.

कुणाचा बूट निघाला की तो सापडलेला माणूस बूट उंच धरून उभा राहतो. माझ्या मुलीचा डावा बूट असाच एकदा डोक्यांवरून माझ्यापर्यंत आला, कारण लोकांनी सरळ धरलं की मागे उभा तो पन्नाशीचा देशी माणूसच या पोरीचा बाप असणार. ती पाच मिनिटांनी लंगडत आली. "बाबा, तुम्ही पकडलात?" चेहऱ्यावर जरा निराशा. गायकाने पकडला असेल अशी आशा होती.

नको वाटलं तर बाहेर पडा. कुणी काही म्हणत नाही. कुणी अंगचटीला जात असेल, मुद्दाम ठोसे मारत असेल, तर दारावरच्या स्वयंसेवकाला सांगा. नवखे लोक इथे संकोचतात, वाटतं की हे असंच असेल. असंच नसतं. तो नियम भिंतीवर लिहिला आहे आणि त्यासाठी माणसाला बाहेर काढतात.

आईबापांनी काय करायचं

पहिल्या खेपेला आत या, बघा. मग मागच्या भिंतीला टेका आणि पोराच्या नजरेच्या बाहेर राहा. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, कारण आत फोनची रिंग कुणालाच ऐकू येणार नाही. फोन उंच धरून अख्खं गाणं चित्रित करू नका. मागच्याला तुमचा हातच दिसतो, आणि ते चित्रीकरण साताऱ्यातल्या मावशीलाही बघवत नाही. मी पाठवून पाहिलंय. केसांचे रंग, नाकातल्या वाळ्या यावरून तर्क लढवू नका. मला पहिल्या रात्री पाण्याची बाटली कुणी आणून दिली असेल तर ती हिरव्या तुऱ्याच्या मुलाने, "सर" म्हणून.

टीशर्ट आणि झाडू

गावोगाव फिरणाऱ्या बँडला दारातून जो वाटा मिळतो तो पेट्रोलला जेमतेम पुरतो. टीशर्ट, कॅसेट, बिल्ले यांवर त्यांचं पुढचं गाव ठरतं. काहीतरी घ्या, दोन डॉलरचा बिल्ला का असेना. आणि वाजवणाऱ्याला जाऊन सांगा की कुठलं गाणं आवडलं. ते टेबलापलीकडेच असतात, मध्ये सुरक्षारक्षक नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर, मुलाला खरंच गोडी लागली असेल, तर काम मागा. दारावर शिक्के मारणं, स्टोअर सांभाळणं, साउंडला मदत, शेवटी झाडणं. काम करणाऱ्याला त्या रात्री प्रवेश फुकट असतो, आणि सदस्यांच्या सभेला बसून मत देता येतं. घरी सांगूनही ताट न उचलणारी माझी मुलगी तिथे रात्री बाराला कागदी पेले गोळा करताना मी पाहिली. मी काही बोललो नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तेव्हा तिचा विश्वास बसला नाही.

रात्रभर झोपून सकाळी कान थोडे बंद वाटले तर दिवसभर शांत राहा, हेडफोन लावू नका. कानातली शिट्टी दोन-तीन दिवस थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा. मनगटावरचा शिक्का साबणाने जात नाही. खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा आणि कापसाने पुसा. रविवारी सकाळी मराठी शाळा असेल तर हे आदल्या रात्रीच करून टाका. आमच्याकडे एकदा राहून गेलं, आणि शाळेतल्या बाईंनी मुलीचा हात धरून नीट बघितलं. मग हळूच विचारलं, "काल कोण वाजवत होतं गं?"